पूर्वपक्षातली सून

कत्तिरी लागली. आमच्या कुंभकोणमात वैशाखातल्या त्या भाजून काढणाऱ्या दिवसांना हेच नाव आहे. ते आले की माणसं कमी बोलतात आणि कुत्री गटाराच्या कडेला जाऊन पडतात. कावेरीत पाणी नसतं. वाळू असते, वाळूत पोरांचं क्रिकेट असतं, आणि पुलावरून जाताना खालून येणारी गरम वाफ साडीच्या काठापर्यंत लागते. धरणातून पाणी सुटायला अजून अवकाश असतो. कोपऱ्यावर ताडगोळेवाला बसतो, त्याच्या कोयत्याचा आवाज अकरापासून सुरू होतो. मला हे सगळं आवडायचं. आता कत्तिरी लागली की मला आधी घाम येत नाही, राग येतो.

काल सकाळी फोन आला. चेन्नईहून कोणी मुलगी होती, फार गोड तमिळ बोलत होती. त्यांना वेब सिरीज करायची आहे, कथेच्या चर्चेसाठी ते कुंभकोणमला येणार आहेत, आणि ‘सारना’ भेटायचं आहे. सार म्हणजे माझे अण्णा, माझा थोरला भाऊ. मी फोन अण्णांकडे दिला आणि तुळशीला पाणी घालायला गेले. तुळशीला सकाळीच पाणी घालून झालं होतं.

तीन उन्हाळ्यांपूर्वीही असाच फोन आला होता.

सिनेमा कसा लिहितात हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. माझी समजूत अशी होती की एक लेखक असतो, त्याच्यापुढे कागद असतो, आणि तो कपाळाला हात लावून बसतो. तसं काही नसतं. इकडे सिनेमा लिहीत नाहीत, सिनेमाला बसतात. दिग्दर्शक आणि त्याची चार-पाच माणसं एखाद्या गावी जाऊन खोली घेतात, गाद्या पसरतात, लुंग्या नेसतात आणि आडवी होतात. मग एकेक जण छताकडे बघत सीन टाकतो. ‘सार, ती पावसात येते.’ ‘पावसात नको, देवळात येते.’ ‘देवळात येते आणि तिथे पाऊस येतो.’ याला म्हणतात डिस्कशन. डिस्कशनला कुंभकोणम फार चांगलं, असं त्या लोकांत मानतात. गाव शांत, पावलोपावली देऊळ, आणि कॉफीबद्दल तर बोलायलाच नको. डोकं चाललं नाही तर निदान जीभ तरी चालते.

अण्णा या मंडळींना ठाऊक होते. नोकरी शाळेत गणित शिकवण्याची, पण आमच्या घराण्यात कथा सांगायची परंपरा. मराठ्यांच्या राज्यात आमचे पूर्वज इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. शेत गेलं, मान गेला, राहिली ती घरात बोलायची मराठी आणि कीर्तन. मरुदानल्लूरच्या मठात अण्णा अजून कथेला उभे राहतात. अभंग मराठीत गातात, निरूपण तमिळमध्ये करतात, आणि पहिल्या रांगेतल्या बाया डोळे पुसतात. अशा माणसाला सिनेमावाले सोडतील होय! कोणी दिग्दर्शक गावात बसला की अण्णांना बोलावणं यायचं. अण्णा जाऊन दोन-चार प्रसंग सांगून यायचे, आणि वर्षादीड वर्षानं ते प्रसंग पडद्यावर दिसायचे. पाट्यांवर मेकअपवाल्याच्या मदतनिसाचंही नाव असायचं, अण्णांचं नसायचं.

मी चिडायचे. अण्णा हसायचे. ‘‘कथा कोण्हाची असते ग, कमू? मागणाऱ्यास नाहीं म्हणून सांगूं नये. आमच्या घरांत कोण्ही सांगितलें नाहीं तसें.’’

आमच्या घरात भिकाऱ्याला एक वेळ पुढे जा म्हणतील, पण कथा ऐकायला आलेल्याला नाही म्हणणार नाहीत. हा आमचा मोठेपणा. मोठेपणाचा असा माज दुसऱ्या कुठल्या घरात मी पाहिला नाही.

पण त्या उन्हाळ्यातली गोष्ट प्रसंगांची नव्हती. त्या वेळी दिग्दर्शकाला अख्खी कथा हवी होती, आणि अण्णांनी त्याला आपल्या घरचीच कथा दिली. आईची.

आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची तमिळ गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं. जन्मभर बाजारात, देवळात, शेजारणींशी, सुनेशी ती तमिळ बोलली होती; एका सकाळी ती सगळी पुसली गेली आणि उरली फक्त घरातली जुनी मराठी. अण्णा दिवसभर शाळेत. मी तेव्हा पुण्यात, बँकेच्या नोकरीत. तिथे माझ्याच मराठीला ‘हिची बोली ऐतिहासिक नाटकातली आहे’ म्हणून हसत होते. घरात आईजवळ दिवसभर असायची ती वहिनी. आणि वहिनी चोळपुरमची, तमिळ घरातली. सेल्वी तिचं नाव. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिच्यासमोर सगळे तमिळच बोलायचे, त्यामुळे मराठी तिला कधी लागलीच नव्हती. तर त्या वर्षी वहिनीनं आईची भाषा शिकून घेतली. आई गेली तेव्हा शेवटचं बोलणं त्या दोघींचं झालं, आणि ते मराठीत झालं. मी पुण्याहून पोचले तेव्हा संपलं होतं.

ही कथा. एवढीच. मला विचाराल तर फार मोठी.

लॉजमधला एसी बंद पडला म्हणून ती मंडळी आमच्याच माडीवर येऊन बसली. मी तोवर नोकरी सोडून गावी परतले होते. वहिनी खाली स्वयंपाक करायची आणि मी कॉफीचे डबरे, म्हणजे इकडच्या पितळी वाट्या-पेले, घेऊन वर जायचे. जिन्यावर उकडायचं, वरून सिगारेटचा वास यायचा, वाळ्याच्या पडद्यावर अण्णा मधूनमधून पाणी मारायचे. सहा लुंग्या पसरलेल्या. सहाही जण माझ्या आईबद्दल बोलत होते.

‘‘सार, कथा छान आहे,’’ दिग्दर्शक म्हणाला. ‘‘पण यात व्हिलन कोण?’’

‘‘आजार,’’ अण्णा म्हणाले.

‘‘आजाराला हिरो मारणार कसा?’’

सगळे हसले. अण्णाही हसले. मी डबरे ठेवले आणि खाली आले.

दुसऱ्या दिवशी कथेतल्या आईची मराठी गेली. चेन्नईच्या पुढे ती कोणाला कळणार, असं ठरलं, आणि आई तेलुगू झाली, म्हणजे आंध्रातही सिनेमा लावता येईल. मग अण्णांच्या जागी एक हिरो आला, तो अमेरिकेत गेला, आणि तिथून परत येण्यासाठी त्याला कारण पाहिजे झालं. मध्यंतराच्या अलीकडे एक दणका लागतो, त्याला इंटरव्हल ब्लॉक म्हणतात. त्या दणक्यावाचून लोक बाहेर जाऊन वडा खातात आणि परत येत नाहीत म्हणे. तिथे आई मरावी की हरवावी यावर दोन दिवस वाद झाला. वाद कोण घालत होते? ज्यांनी आईला पाहिलंही नव्हतं ते. जेवताना त्यांतला एक जण वहिनीला म्हणाला, ‘‘अक्का, रसम फर्स्ट क्लास.’’ वहिनीनं त्याला आणखी वाढलं.

मी अण्णांना म्हटलं, ‘‘तुम्हांस राग येत नाहीं का?’’

‘‘तें कच्चें आहे ग. शेवटीं मी सांगीन न, तेव्हां बघ.’’

अण्णांचा सगळा भरवसा त्या सांगण्यावर होता. लिहिलेलं हस्तलिखित इकडे कोणी वाचत नाही. पैसा घालणाऱ्याला कथा बसून ऐकवावी लागते, दोन-दोन तास, मारामारीच्या आवाजांसकट. निर्माता आमच्या भागातल्या नवग्रहांच्या देवळांच्या यात्रेला आला होता, तो वाटेत आमच्याकडे थांबला. दिग्दर्शकाचा घसा बसला होता, म्हणून तो म्हणाला, सार, तुम्हीच सांगा. अण्णांनी उपरणं कमरेला बांधलं.

आणि अण्णांनी सांगितली ती कीर्तनासारखी. दुसरं त्यांना येतच नाही. आमच्या सांगण्यात एक रीत आहे. सिद्धांत मांडायच्या आधी पूर्वपक्ष उभा करायचा. म्हणजे समोरच्याची बाजू आधी इतकी जोरात मांडायची की ऐकणाऱ्याला तीच खरी वाटावी, आणि मग ती खोडून काढायची. सीतेची थोरवी सांगायची तर आधी दुसरी कोणी असती तर काय करती ते दाखवायचं. तसं अण्णांनी आधी दुसरी सून दाखवली. म्हणाले, दुसरी एखादी असती तर! आणि पदर खोचल्यासारखं उपरणं खोचून ते उभे राहिले, ताट जमिनीवर आपटलं, आणि म्हातारीवर ओरडले, ‘‘तमिळ बोल! माणसासारखं तमिळ बोल! मला कळत नाही तू काय मागतेस!’’ जेवणाच्या ताटाचा आवाज माडीभर घुमला. म्हातारीही तेच झाले, थरथरणारा डावा हात, अर्धं तोंड वाकडं. माझ्या अंगावर काटा आला. निर्माता पुढे सरकून बसला.

मग अण्णा सिद्धांताकडे वळले, खऱ्या सुनेकडे. हळूहळू, एकेका शब्दानं भाषा शिकणारी सून. ते इतकं सुंदर सांगत होते, आणि निर्मात्यानं घड्याळ पाहिलं.

एका मदतनिसानं सगळं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. संध्याकाळी माडीवरून त्याच तुकड्याचा आवाज परत परत येत होता. तमिळ बोल! तमिळ बोल! दिग्दर्शकाला त्याचा व्हिलन सापडला होता, आणि मध्यंतराचा दणकाही. खोडून काढण्यासाठी उभी केलेली बाई त्यांनी उचलली, आणि खोडणं टाकून दिलं. महाराष्ट्रातला कीर्तनकार असता तर त्यानं हे केलं असतं की नाही मला माहीत नाही, पण सिनेमावाल्यांपुढे पूर्वपक्ष मांडायचा गाढवपणा आमचा रावच, म्हणजे इकडचा मराठी माणूसच, करू जाणे. अहो, त्या लोकांना अर्धीच गोष्ट लागते! रागावलेली अर्धी.

स्क्रिप्ट पुरी झाली तेव्हा तिची पूजा झाली. बांधलेला जाडजूड गठ्ठा, तो देवापुढे ठेवायचा, पण आधी चारही कोपऱ्यांना हळद लावायची. घरातल्या सवाष्णीनं लावावी असं दिग्दर्शक म्हणाला. वहिनीनं लावली. तिची हळदीची बोटं त्या कागदांवर फिरताना मी पाहिली आहेत, आणि तो गठ्ठा उघडून वाचावा असं आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही. पूजेची वस्तू कोणी उघडतं का?

पुढचं थोडक्यात सांगते. सिनेमा आला. चालला. त्यातली सून सासूपुढे ताट आपटते, तमिळ बोल म्हणून ओरडते, आणि मध्यंतराला तिला वाळूच्या नदीत सोडून येते. अण्णांचं नाव कुठेही नव्हतं. पण दिग्दर्शकानं मुलाखतींतून सांगितलं की ही कुंभकोणममधल्या एका घरातली खरी घटना आहे. झालं! या गावात आजारपणात तमिळ विसरलेल्या बायका किती असणार? फुलवालीनं वहिनीला विचारलं, ती सून तूच का. आडुतुरैला एका लग्नात पंगतीत दोघीजणी तिच्याकडे बघून कुजबुजल्या आणि उठून दुसरीकडे बसल्या. चोळपुरमहून तिच्या भावाचा फोन आला; तो ओरडला नाही, नुसता विचारत राहिला, आणि ते जास्त वाईट होतं. वहिनीनं त्या वर्षापासून लग्नाकार्याला जाणं सोडलं आहे. जिनं आईचं सगळं केलं, तिला गावानं सासूला नदीत टाकणारी ठरवलं, आणि तो ठराव पास झाला आमच्या माडीवर, तिच्याच हातचं रसम पिऊन.

माझा राग कोणावर, मला विचारू नका. सगळ्यांवर. त्या दिग्दर्शकावर आहेच. माणसाचं आयुष्य ऐकून ‘कॉन्फ्लिक्ट कमी आहे’ म्हणणाऱ्या त्या धंद्यावर आहे. अण्णांवर तर इतका की काही महिने मी त्यांच्या ताटात वाढत होते पण त्यांच्याकडे बघत नव्हते. ते म्हणायचे, लोक विसरून सोडतील. लोक विसरतात, खरं आहे. चांगलं तेवढं विसरतात.

आज दुपारी ती मंडळी आली. दिग्दर्शक तरुण, दाढीवाला, जोडे दाराबाहेर नीट लावून ठेवणारा. कालची गोड मुलगीही होती. त्यांना आडून आडून बोलता येत नव्हतं, हे मला बरं वाटलं. तो म्हणाला, ‘‘सार, तो सिनेमा तुमच्या कथेवरचा, हे आमच्या लाइनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी वाट लावली. आम्हाला खरं काय झालं ते करायचं आहे. सहा भाग करू. मराठीच ठेवू. पाटीवर तुमचं नाव पहिलं. लिहून देतो.’’

अण्णा ताठ बसले. त्यांचा चेहरा एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागला. आणि खरं सांगते, माझंही मन त्या क्षणी लाचावलं. वहिनीचं नाव स्वच्छ होईल. फुलवाली बघेल, आडुतुरैच्या त्या दोघीजणी बघतील. मीच म्हटलं, ‘‘सांगा, अण्णा. ह्या वेळीं पूर्वपक्ष नको. नुसती खरी वहिनी सांगा.’’

वहिनी दारात उभी होती. ती आत आली आणि माझ्या शेजारी बसली. एरवी पाहुण्यांसमोर ती बसत नाही. ती आमच्याशी आमच्याच मराठीत बोलली, आईकडून आलेल्या.

‘‘खरी वहिनी म्हणजे कोण, कमू?’’

मला कळलं नाही.

‘‘ताट आपटलें तें मीच,’’ ती म्हणाली. ‘‘पहिल्या आठवड्यांत. आई कांही मागत होत्या, मज कळत नव्हतें, अन्न थुंकून सोडीत होत्या. मी ताट आपटलें. तमिळ बोल म्हणून वरडलों. हे दारांत उभे होते.’’ तिनं अण्णांकडे नुसती मान वळवली. ‘‘ह्यांनी पाहिलें. तेंच माडीवर करून दाखविलें, दुसरी कोण्ही म्हणून. मी खालीं ऐकत होतों.’’

पाहुणे आमच्या तोंडांकडे बघत होते. त्यांना शब्द कळत नव्हते. अण्णांनी खाली बघितलं. म्हणजे सिनेमा आल्यापासून मी ज्या एका दृश्याला खोटं, बनावट, बदमाशी म्हणून शिव्या घालत होते, त्या अख्ख्या सिनेमात तेवढं एकच दृश्य खरं होतं. अण्णांनी ते बायकोच्या अंगावरून काढून दुसऱ्या कोण्या बाईच्या अंगावर टाकलं होतं, तिला वाचवायला. आणि वाचवून तिला उभी कुठे केली, तर सीतेच्या जागी. तिला कोणी विचारलं होतं का? माडीवरच्या सहा लुंग्यांनी नाही, अण्णांनी नाही. आणि मी, तिच्या बाजूनं एवढी भांडणारी, मीही आत्ता तिच्यासमोर बसून तिची कथा अण्णांनाच सांगायला सांगत होते.

‘‘वहिनी,’’ मी म्हटलं, ‘‘मग तुम्हीच सांगा. तें ताट, आणि पुढचें सगळें. लोकांस कळूं दे.’’

‘‘कळून?’’ आता तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. ‘‘ताट त्यांनी नेलें. नेऊं दे. तें एका दिवसाचें होतें. पुढें आई आणि मी तो सगळा उन्हाळा बोलत होतों. काय बोललों तें ह्यांस ठाऊक नाहीं, तुज ठाऊक नाहीं. मी वाईट आहे म्हणून गांव बोलतो, बोलूं दे. मी चांगली आहे म्हणून दाखवायास तो उन्हाळा मी देत नाहीं. तो माझा आहे.’’

ती उठली. पाहुण्यांना तमिळमध्ये म्हणाली, ‘‘कॉफी घेऊन जा,’’ आणि आत गेली.

दाढीवाल्यानं विचारलं, ‘‘सार, अक्का काय म्हणाल्या?’’

आमच्या घरात आजवर कोणी उच्चारलं नव्हतं ते अण्णांनी उच्चारलं. म्हणाले, कथा देत नाही.

ती माणसं गेल्यावर मी हे लिहायला बसले. रागाच्या भरात बसले, अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं की मीही तेच करते आहे. म्हणून स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला विचारलं. माझी ही पुण्याची मराठी तिला नीट कळत नाही, म्हणून लिहिलं तेवढं तमिळ करून तिला ऐकवलं. ती चिंच कोळत होती, तिनं शेवटपर्यंत ऐकलं, आणि म्हणाली, ताटापर्यंतचं राहू दे, ते तसंही गावाला ठाऊक आहे. त्याच्या पुढचं तिनं अजूनही मला सांगितलेलं नाही. मी आईची मुलगी आहे, आणि आई शेवटी काय म्हणाली ते मला कधीच कळणार नाही.